खटपट्यांची विद्या

नागपूरच्या गांधीसागर तलावाच्या काठी रमण विज्ञान केंद्र उभे आहे. ७ मार्च १९९२ रोजी ते जनतेसाठी खुले झाले आणि तेव्हापासून विदर्भातील असंख्य शाळांच्या सहली तेथे येऊन गेल्या. केंद्राला सर चंद्रशेखर व्यंकट रमण यांचे नाव का दिले, असे विचारल्यास बहुतेक पालक सांगतात की ते मोठे शास्त्रज्ञ होते, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. हे उत्तर बरोबर आहे. तथापि रमण यांचा या शहराशी प्रत्यक्ष संबंध होता, १९१० साली ते नागपुरात नोकरीस होते आणि ती नोकरी विज्ञानाची नसून हिशेबाची होती, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

रमण यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८चा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९०७ साली ते एम.ए. झाले. त्या काळी भौतिकशास्त्र शिकलेल्या हिंदी तरुणाला पोटापाण्यासाठी शास्त्राची वाट जवळजवळ बंदच होती. म्हणून त्यांनी वित्तखात्याची स्पर्धा परीक्षा दिली, तीत पहिला क्रमांक मिळविला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आतच ते कलकत्त्यास साहाय्यक महालेखापाल म्हणून रुजू झाले. तेथून १९०९ साली रंगून येथे चलन अधिकारी, १९१० साली नागपूर, आणि नागपुरात वर्षही पुरते भरले नसताना पदोन्नती होऊन १९११ मध्ये पुन्हा कलकत्ता, असा त्यांचा बदल्यांचा प्रवास झाला. ज्यांनी बदलीची नोकरी केली आहे त्यांना यातील पेट्या बांधणे आणि सोडणे वेगळे सांगावयास नको.

कलकत्त्यात असताना कचेरीची वेळ सोडून उरलेला सारा वेळ ते बहुबाजार रस्त्यावरील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत घालवीत. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली ही संस्था तेव्हा बरीचशी ओस पडलेली होती. भल्या पहाटे तेथे जावयाचे, मग घरी येऊन घाईने जेवून कचेरी गाठावयाची आणि कचेरी सुटल्यावर पुन्हा रात्री उशिरापर्यंत तेथेच. पण रंगून किंवा नागपूर येथे अशी संस्था कोठली? तेव्हा या गृहस्थांनी राहत्या घराचाच काही भाग प्रयोगासाठी मोकळा केला, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. मध्य प्रांताच्या राजधानीत दिवसभर सरकारी रकमांचे हिशेब पाहणारा हा बावीस वर्षांचा अधिकारी घरी आल्यावर ताणलेल्या तारा आणि कंप पावणारे चिमटे यांच्याशी खेळत बसे.

‘खेळत’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. त्या काळातील रमण यांच्या लेखनाचे विषय पाहिले तर ते बहुतांशी तारा आणि त्यांची कंपने यांविषयीच आहेत. १९०९ साली तर त्यांनी एकतारीवर टिपण लिहिले होते. भजनी मंडळात जी एकतारी आपण नित्य पाहतो, ती जवळ घेऊन तिची तार नेमकी कशी थरथरते हे कोणी तपासावे असे कुणाच्या मनात आले नव्हते. या प्रयोगांना मोठी यंत्रे लागत नाहीत. एक तार, ती ताणावयास वजन, ती हलवावयास नादकाटा, आणि पुढे वेळ नावाची वस्तू. ही शेवटची वस्तू अधिकाऱ्याजवळ सर्वांत कमी असते. १९०७ ते १९१७ या दहा वर्षांच्या नोकरीत त्यांनी सुमारे तीस शोधनिबंध प्रसिद्ध केले, तेही ‘नेचर’ आणि ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’ यांसारख्या नियतकालिकांत.

हा छंद पुढेही तसाच राहिला. १९२०च्या सुमारास त्यांनी एक यंत्रचलित व्हायोलिन तयार केले, आणि तेही प्रयोगशाळेत उपलब्ध असलेल्या जुन्यापान्या सामानातून. वादक गज फिरवितो, त्याचा हात सारखा पडत नाही. म्हणून त्यांनी गज स्थिर ठेवला आणि व्हायोलिनलाच मागेपुढे सरकविले! तबल्यावरील काळी शाई ही शोभेची नसून तिच्या वजनामुळेच चामड्याचे बेसूर कंप सुरेल स्वरांच्या पंक्तीत येऊन बसतात, हे त्यांनी दाखविले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवून जवारी काढतात, त्या दोऱ्याचे कार्यही त्यांनी उकलले. हे सारे आपल्या कारागिरांना हाताने ठाऊक होतेच. रमण यांनी ते कागदावर मांडले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्या प्रकाश-परिणामाची त्यांना खात्री पटली आणि ज्यासाठी १९३० साली नोबेल मिळाले, त्या प्रयोगाची सामग्रीही काही शे रुपयांपलीकडची नव्हती, असे सांगितले जाते. १९१७ साली आशुतोष मुखर्जी यांच्या निमंत्रणावरून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले तेव्हा त्यांचे वेतन जवळजवळ निम्म्यावर आले. वरिष्ठ हुद्द्यावरील सरकारी नोकरी सोडून असा व्यवहार करणाऱ्याला त्या काळच्या नातेवाइकांनी काय म्हटले असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या घरावरून करावी.

मराठीत अशा माणसाला एक सुरेख शब्द आहे, ‘खटपट्या’. त्याच्या जोडीला ‘उचापती’ आणि ‘खुडबुड्या’ हेही आहेत. गंमत अशी की हे तिन्ही शब्द निंदा आणि कौतुक यांच्या सीमारेषेवर उभे आहेत. घरातील बंद पडलेले घड्याळ चालू झाले तर मुलगा खटपट्या, आणि चालू असलेले बंद पडले तर उचापती. वस्तुतः दोन्ही प्रसंगी त्याने एकच काम केलेले असते, मागचे झाकण उघडलेले असते.

महाराष्ट्रात असा एक विलक्षण खटपट्या रमण यांच्या आधी एक पिढी होऊन गेला. शंकर आबाजी भिसे हे त्यांचे नाव. मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या या मुलाने चौदाव्या वर्षी घरच्या घरी दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनविले होते. पुढे नोकरी करीत असतानाच त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ काढले आणि ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. विशीत त्यांनी ज्या वस्तू बनविल्या त्यांची नुसती नामावळी वाचूनही हसू येते आणि थक्कही व्हावयास होते. कुणाला नकळत उघडता येणार नाही अशी बाटली, विजेवर चालणारी सायकल, मुंबईच्या लोकल गाडीत पुढील स्थानकाचे नाव दाखविणारा फलक. आज आपण लोकलच्या डब्यात बसून जो फलक वाचतो, त्याची कल्पना एका हौशी मराठी माणसाने एकोणिसाव्या शतकात केली होती.

व्यापारी कुटुंबांतील वाचकांना त्यांच्या ज्या यंत्राविषयी विशेष जवळीक वाटेल ते मात्र वेगळेच आहे. १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या एका संशोधकांच्या नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ यांसारखा सुटा माल मोठ्या साठ्यातून आपोआप तोलून लहान लहान मापांत बाहेर काढणारे यंत्र हवे होते. इतवारीतील ज्या दुकानदाराने आयुष्यभर पुड्या बांधल्या असतील त्याला या स्पर्धेचे मोल लगेच समजेल. भिसे यांना यंत्राची रचना मध्यरात्री सुचली म्हणतात. त्यांनी ती उठून कागदावर उतरविली, पाठविली आणि इंग्लंडातील साऱ्या स्पर्धकांना मागे टाकून पारितोषिक पटकाविले. रक्कम होती दहा पौंड. रक्कम किरकोळ, परंतु त्या दहा पौंडांनी त्यांचे आयुष्य वेगळ्याच दिशेला नेले. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन ते लंडनला गेले आणि दादाभाई नौरोजींना भेटले. इंग्रजी राज्य हिंदुस्थानची संपत्ती कशी ओढून नेते याचा हिशेब मांडणारे दादाभाई या हौशी कारागिराच्या पाठीशी उभे राहिले. हिंदी माणूस यंत्रविद्येतही मागे नाही, हे त्यांना जगाला दाखवावयाचे होते.

लंडनमध्ये भिसे यांनी विजेवर चालणारे जाहिरातीचे फलक, स्वयंपाकघरातील उपकरणे, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप असे काय काय बनविले. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम मुद्रणाचे होते. त्या वेळी खिळे ओतून जुळविणाऱ्या यंत्रांची मक्तेदारी लायनोटाइप आणि मोनोटाइप यांच्याकडे होती. भिसे यांच्या यंत्राने मिनिटाला बाराशे खिळे ओतून दाखविले, ते त्या यंत्रांपेक्षा पुष्कळ अधिक वेगाचे होते. येथपर्यंत कथा आनंदाची आहे. येथून पुढे ती भांडवलाची होते.

पंधरा हजार पौंड हवे होते. दादाभाईंचे मित्र हेन्री हाइंडमन यांनी ते उभे करून देण्याचे मनावर घेतले. हाइंडमन हे इंग्लंडातील आद्य समाजवाद्यांपैकी एक! भांडवलशाहीचा अंत व्हावा म्हणून व्याख्याने देणारा गृहस्थ एका यंत्रासाठी भांडवलदारांची दारे ठोठावत होता. ते पैसे आलेच नाहीत. अखेरीस भिसे रित्या हाताने मुंबईस परतले. मग गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांची रतन टाटा यांच्याशी गाठ घालून दिली, टाटांनी द्रव्य पुरविले, टाटा-भिसे यांच्या नावाने संशोधनासाठी एक मंडळ स्थापन झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेही गुंडाळावे लागले. भिसे अमेरिकेला गेले. तेथे ‘ॲटोमिडीन’ नावाच्या आयोडीनयुक्त औषधाने त्यांना पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली, आणि १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ज्या मुद्रणयंत्रावर उमेदीची वर्षे खर्च झाली, ते बाजारात स्थिरावू शकले नाही.

भिसे यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणण्याची प्रथा आहे. ती काहीशी अन्यायाची आहे. एडिसनच्या मागे पतपेढी होती, कारखाना होता, वकिलांची फौज होती. भिसे यांच्या मागे दादाभाईंची शिफारसपत्रे होती. कर्जमागणीच्या अर्जावर ‘तारण’ नावाचा एक रकाना असतो, आणि डोक्यातील कल्पना त्यात भरता येत नाही. हा रकाना निष्ठुर आहे हे खरे. तो काढून टाकला तर ठेवीदारांचे काय, हेही तितकेच खरे. या पेचावर आजवर कोणत्याही देशाला पूर्ण समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रमण यांच्या छंदाला नोकरीच्या पगाराचा आधार होता, त्यामुळे एकतारीच्या टिपणाने काय मिळकत झाली हे त्यांना कुणी विचारले नाही. भिसे यांनी छंदालाच घर चालवावयास लावले, आणि मग प्रत्येक कल्पनेला धनको शोधावा लागला.

खटपटीचे तिसरे रूप मिळकतीच्या वाटेलाच जात नाही, आणि मुलांच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहे. अरविंद गुप्ता हे मूळचे बरेलीचे, आय.आय.टी. कानपूरचे १९७५चे अभियंते. पुण्यास टेल्कोत मालमोटारी बनविण्याच्या कामावर ते होते. १९७८ साली त्यांनी रजा घेतली आणि मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. नागपूरहून इटारसीकडे गाडीने जाणाऱ्यांना हा मुलूख परिचित आहे. तेथे १९७२ पासून सोळा ग्रामीण शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा एक उपक्रम सुरू झाला होता. गुप्ता आठवडी बाजारात फिरले. बांगड्या, बूट पॉलिशच्या डब्या, सुतळी, काड्यापेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी त्यांच्या दृष्टीस पडली. या नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दोन्ही बाजूंनी काडेपेटीच्या काड्या खुपसल्या की हवा तसा वळणारा सांधा तयार होतो. त्यांचे ‘मॅचस्टिक मेकॅनो’ म्हणतात ते हेच.

खेळ साधा आहे, पण त्यात स्थापत्यशास्त्राचे बीज आहे. तीन काड्या जोडून त्रिकोण केला तर तो दाबूनही आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाच्या धक्क्याने कलंडतो आणि त्याचा पतंगासारखा आकार होतो. त्यात एक तिरपी काडी घातली की तो पुन्हा ताठ. रेल्वेच्या पुलाकडे पाहिले असता सगळीकडे त्रिकोणच का दिसतात, आणि पत्र्याच्या छताखालील कैच्या त्रिकोणीच का असतात, हे मुलाला मग सांगावे लागत नाही. त्याच्या बोटांना ते आधीच कळलेले असते.

गुप्ता यांचे काड्यांच्या प्रतिकृतींचे पुस्तक १९८७ साली एकलव्य या संस्थेने काढले आणि ते अनेक भाषांत गेले. २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या ‘आयुका’मधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीतून उभी राहिलेली ती वास्तू, आणि तिचे नाव ‘पुलस्त्य’. पुलस्त्य हा सप्तर्षींपैकी एक तारा, त्यात ‘पु. ल.’ कसे दडले आहेत हे मराठी वाचकास सांगणे नको. शेकडो खेळण्यांच्या चित्रफिती तेथे तयार झाल्या, त्यांतील पुष्कळ मराठीत आहेत आणि कुणालाही विनामूल्य पाहता येतात. २०१८ साली गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. ‘मुलाला एखादी वस्तू समजून घ्यावयाची असेल तर ती मोडण्याची मुभा हवी’ अशा आशयाचे ते नेहमी सांगतात. हे वाक्य घरोघरी मान्य होण्यास अजून बराच काळ जावा लागेल. महागडी खेळणी काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखविण्याची पद्धत आपल्याकडे दृढमूल आहे.

त्रिकोणाचा हाच धर्म पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे मोठ्या आकारात दिसतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील शास्त्रज्ञ. पन्नाशी उलटल्यावर ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांनी सुतारकाम, वेल्डिंग, वीजजोडणी, शेती असे सारे हातांनी करीत शिकावे, हे त्यांचे शिक्षणशास्त्र. लोखंडी त्रिकोण जोडून घुमटाकार घर बांधण्याची पद्धत तेथे विकसित झाली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्यानंतर त्या भागात असे घुमट उभारले गेले. काडेपेटीतील काडीचा आणि भूकंपग्रस्ताच्या छपराचा संबंध हा असा आहे. अमेरिकेतील एम.आय.टी.च्या नील गर्शनफेल्ड यांनी संगणकचलित हत्यारांनी सज्ज अशा ‘फॅब लॅब’ची कल्पना मांडली, तेव्हा तिचे पहिल्यावहिल्या केंद्रांपैकी एक २००२ साली सुरू झाले ते याच पाबळमध्ये. जगातील एका नामांकित संस्थेला भारतात जागा निवडताना महानगर सोडून शिरूर तालुक्यातील खेडे आठवले, कारण तेथे मुलांचे हात आधीपासूनच काळे झालेले होते.

नागपूरही यात मागे नाही. दरवर्षी थंडीच्या दिवसांत उत्तर अंबाझरी मार्गावरील राष्ट्रभाषा संकुलात ‘अपूर्व विज्ञान मेळावा’ भरतो. महानगरपालिका आणि विज्ञानशिक्षणाचे काम करणारी एक स्थानिक संस्था मिळून तो भरवितात. त्याचे वैशिष्ट्य असे की प्रयोग दाखविणारी मुले महानगरपालिकेच्या शाळांतील असतात, आणि ते पाहावयास येणाऱ्यांत भरपूर शुल्क घेणाऱ्या शाळांचे विद्यार्थीही असतात. बाटल्या, फुगे, नळ्या, आरसे, चुंबक अशा घरगुती वस्तूंवर सारी मांडणी असते. ज्या मुलांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नाही, किंबहुना पुष्कळदा वेगळे टेबलही नाही, ती मुले येणाऱ्या प्रत्येकाला हवेचा दाब आणि प्रकाशाचे वक्रीभवन समजावून सांगतात. आपल्या शहरात एरवी या दोन प्रकारच्या शाळांतील मुले समोरासमोर येण्याचे प्रसंग फार थोडे, आणि त्यांतही सांगणारा कोण व ऐकणारा कोण हे ठरलेले. येथे ते उलटे होते. नागपूरकर पालकांनी आपल्या मुलांना मॉलमध्ये नेण्याचा एक रविवार या मेळाव्यासाठी राखून ठेवण्यास हरकत नसावी.

सरकारनेही अलीकडे या विद्येची दखल घेतली आहे. नीती आयोगाच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेत २०१६ पासून निवडलेल्या शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्रिमितीय मुद्रक, संवेदक, आर्डुइनोसारखी छोटी नियंत्रक पाटी अशी सामग्री त्यात येते. इटलीतील इव्रेया गावी २००५ साली काही शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना स्वस्तात वापरता यावी म्हणून बनविलेली ही पाटी आज जगभरच्या हौशी मंडळींची लाडकी आहे. तिला झाडाच्या कुंडीतील ओलावा मोजावयास सांगता येते, पाण्याची टाकी भरताच घंटा वाजवावयास लावता येते. योजना चांगली आहे, तिचा विस्तारही होत आहे. अडचण निराळीच आहे. सरकारी पैशातून आलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते, आणि वहीत चढलेली वस्तू फुटली तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. मग ती वस्तू कुलूपबंद राहणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. लेखापरीक्षण आवश्यकच आहे, त्यात शंका नाही. पण प्रयोगात अमुक इतके सामान मोडणारच, असे गृहीत धरून ‘तूट’ मंजूर करणे अशक्य नाही. किराणा दुकानात धान्याची घट धरतातच की!

घरी मात्र कसली नोंदवही नाही आणि कुणाची मंजुरीही नको. दिवाळीच्या सुटीत ज्यांना मुलानातवंडांसह काही करावयाचे असेल त्यांच्यासाठी गुप्ता यांनी लोकप्रिय केलेली विजेची मोटार येथे देता येईल. लागणारे सामान असे: दीड व्होल्टचा एक मोठा सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना, सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली रुंद पट्टी, जुन्या स्पीकरमधून निघालेला चुंबक, आणि मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडे सहज मिळणारी वार्निशचे आवरण असलेली तांब्याची तार, सुमारे एक मीटर. तार सेलभोवती दहाएक वेढे गुंडाळून बाहेर काढावी आणि तिची दोन टोके समोरासमोर, सरळ रेषेत काढून आसासारखी ठेवावीत. ट्यूबची पट्टी सेलवर लांबीच्या दिशेने चढवून तिच्याखाली दोन्ही बाजूंना एकेक पिन खोचावी. पिनांची भोके वर राहतील, त्यांत वेटोळ्याची टोके अडकवावीत. चुंबक सेलवर, वेटोळ्याच्या अगदी खाली.

घरातील वीजजोडणीला हात न लावता हे सारे होते, म्हणून भय नाही. मोबाइलमधील बॅटरी मात्र या किंवा कोणत्याही खेळात घेऊ नये, तिला टोचणे वा दाबणे धोक्याचे असते.

आता तारेच्या टोकांविषयी. एका टोकाचे वार्निश चहूबाजूंनी खरवडावयाचे असते, दुसऱ्या टोकाचे केवळ अर्ध्या बाजूचे. बहुतेक जण दोन्ही टोके घासूनपुसून लख्ख करतात आणि वेटोळे जागच्या जागी थरथरत राहते. त्याचे कारण असे की वेटोळे अर्धा फेरा फिरल्यावर चुंबकाचा रेटा उलट दिशेने लागतो आणि ते मागे खेचले जाते. दुसऱ्या टोकाला अर्धे वार्निश शिल्लक असेल तर त्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाहच खंडित होतो, वेटोळे आपल्या वेगाने पुढे सरकते, आणि पुन्हा उघडी तार पिनेला टेकताच नवा धक्का मिळतो. एवढे करूनही मोटार फिरली नाही तर बोटाने एक हलका टिचका द्यावा, तरीही नाहीच फिरली तर पहिले टोक पुन्हा पॉलिश पेपरने घासून पाहावे. बहुधा तेथेच थोडे वार्निश राहिलेले असते.